कन्व्हर्टरचा कौल

धामापूरचे रविकांत मास्तर म्हणजे बैल घेण्यापासून दाढ काढण्यापर्यंत देवीला कौल लावणारा माणूस. २००६ साली त्यांनी स्वतःच्या लग्नाची वीस वर्षांपूर्वीची व्हिडिओ कॅसेट कंप्युटरवर चढवली. आता टीव्हीवर लागेल अशी सीडी करायची होती. त्यासाठी कन्व्हर्टर म्हणून तीन फुकट सॉफ्टवेअरं मिळाली, आणि मास्तर निघाले देवळात! गुरवाने देवीच्या अंगावर तीन पाकळ्या लावल्या. मधली आधी पडली, म्हणून मधलं सॉफ्टवेअर. ‘फुकटात अर्धीच फिल्म’ अशी सूचना होती; पण देवीने हो म्हटल्यावर सॉफ्टवेअरवाल्याला कोण विचारतो?

सीडी लावली. नवरा आला, नवरी आली, अंतरपाट धरला आणि पडदा काळा.

मास्तरांची बायको म्हणाली, "देवीन कौल बरोबर दिल्यान. फकत वीस वर्सां उशीर केल्यान!"