सारवायच्या राहिलेल्या दोन जागा

आमच्या गावचं चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. खाली मातीची जमीन, दर शनिवारी शेणानं सारवायची. ते काम माझ्या आईचं. ती नवी नवरी असताना एक तरुण फादर पहिल्याच नेमणुकीवर इथं आले. पहाटेपासून वेदीपुढं गुडघे टेकून बसायचे. आई सारवत सारवत जवळ आली तरी त्यांना पत्ता नसायचा. मग ती त्यांच्या भोवतीनं सारवायची. ते उठले की गुडघ्यांच्या दोन जागा तेवढ्या कोऱ्या राहायच्या.

पुढं त्यांची बदली झाली. लांब कुठंतरी त्यांच्या तळहातांवर क्रुसावरच्या येशूसारख्या खिळ्यांच्या जखमा उमटल्या, लोक त्यांना संत म्हणायला लागले. पण आईनं त्याच्या कितीतरी आधीपासून त्या दोन जागांना शेणाचा हात लावला नव्हता. वडील गेले, माझी पोरगी तापानं फणफणली, आई जाऊन तिथंच गुडघे टेकायची. "इथलं ऐकू जातंय," म्हणायची.

यंदा बिशपांकडून निरोप आला. संतपद देण्याआधी फादरांच्या सुरुवातीच्या दिवसांची चौकशी करायला माणसं येणार होती. चर्चची किल्ली माझ्याकडं, आणि नेमकी तेव्हाच माझी अक्कल चरायला गेली! म्हटलं, एवढी मोठी माणसं शेणाच्या जमिनीवर उभी करायची? गावाची काय इज्जत राहील? आई तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनला परभणीला गेलेली. आठ दिवसांत मिस्त्री लावून जमीन खोदली, वेदी मागं सरकवली, पांढऱ्या चकचकीत फरश्या बसवल्या. लोकांनी माझी पाठ थोपटली.

माणसं आली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या फादरांनी दारातच चपला काढल्या आणि विचारलं, "फादर गुडघे टेकायचे ती जागा कुठंय?" मी नव्या फरशीकडं बोट केलं. ते बराच वेळ खाली बघत राहिले आणि चहाही न घेता निघून गेले.

आई परत आली. डोळ्यांत उजेड आलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, लय उशीर झाला. घरी पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "मला चर्चात घिऊन चल. न्हाई दिसत तर न्हाई, हाताला कळतंय की."

आत जाऊन तिनं खाली चाचपलं. "हे काय रं, थंडगार?"

"फरशी हाय, आई."

"आन् फादरची जागा?"

जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "हाय की. फरशीखाली तशीच ठिवलीय." तिचा हात धरून एका फरशीवर ठेवला. कुठली जागा अन् काय, मला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.

आता ती रोज येते. तिचा हात मीच टेकवतो, आणि कालची फरशी कुठली होती ते मला आठवत नाही. सगळ्या सारख्याच. जिथं टेकवीन तिथं ती तळवा फिरवते, मान हलवते आणि म्हणते, "हीच."