मोहाच्या बाटलीची तपासणी

तिचं नाव मला आजही माहीत नाही. मी तेव्हा नुकताच पदवीधर झालो होतो, आमच्या घरातला पहिला. दारूतल्या अल्कोहोलचं प्रमाण इन्फ्रारेड किरणांनी मोजणारं एक छोटं यंत्र कॉलेजातल्या सरांनी विश्वासाने माझ्या हाती दिलं होतं. ते घेऊन मी खोडाळ्याच्या बाजारात गावठी दारूचे नमुने तपासत बसलो असताना एका म्हातारीने पदराखालून मोहाच्या दारूची बाटली काढली. बाटलीच्या तोंडाला पळसाचं पान कोंबलेलं होतं. हिचीच दारू पिऊन पाड्यावरचा एक तरुण मेला, असं लोक म्हणत होते.

"त्याच दारूतली हाय. यात इख हाय का, बघ दादा."

मी मोजलं आणि खरं ते सांगितलं, "आजी, दारू किती कडक आहे एवढंच याला कळतं. विष कळत नाही."

"मंग मीच पिते."

मी अडवायच्या आत तिने दोन घोट घेतले.

"आजीला निमित्तच पायजे व्हतं!" कोणीतरी ओरडलं आणि लोक हसले. ती पदराने तोंड पुसून, सगळ्यांना दिसेल अशी रस्त्याकडेला बसली.

"विषाचा परिणाम कधी दुसऱ्या दिवशीही दिसतो," मी घाबरून म्हणालो.

"मंग उद्या बी येन."

सकाळी मी धावतच गेलो. ती त्याच जागी होती. शेजारी मेलेल्या तरुणाची आई बसली होती. आईने आणलेली नागलीची भाकर दोघी मोडून खात होत्या.