मंगळवारची रेघ

दामूकाका गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या कॉम्प्युटरवर एक भेग वाढत होती. पातळ पत्र्याला पडलेली भेग किती हेलकाव्यांत किती पुढे जाईल, हे गणिताने आधीच सांगायचं, ही माझी नोकरी. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, म्हणून हे जरा ताठ मानेनेच सांगते. काकांची मुलगी एवढंच म्हणाली, "ताई, बाबा गेले..." फोन ठेवला, तरी पडद्यावरची भेग सरकतच होती.

त्याला आता तीन आठवडे झाले. एक गोष्ट मात्र छातीवरून उतरत नाही.

काका वडिलांचे दोस्त. दिघीच्या खाडीत बोटींचं वेल्डिंग करायचे. दादाच्या लग्नाचं वऱ्हाड पलीकडे न्यायला एका ओळखीच्या मालकाची सपाट बोट ठरली होती. तिच्या डेकच्या पत्र्याला वीतभर भेग होती. मालकाने मला विचारलं. मी त्याच्या कागदावरून जाडी घेतली, सहा मिलिमीटर, लॅपटॉपवर गणित लावलं आणि सांगितलं, "अख्खा मोसम काही होत नाही." वडील ते वाडीभर सांगत फिरले.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ओहोटीला बोट चिखलात टेकलेली. काका डेकवर उकिडवे बसले होते. भेगेच्या टोकाला आडवी खडूची रेघ मारून वार लिहायची त्यांची सवय.

"बाय, ही मंगळवारची रेघ हाय. भेग दोन बोटं पुढं गेलीय."

"काका, रंगाला तडा गेला असेल. पत्र्याला नाही."

"तुझ्या कंपुटरनं पत्रा बघितलाय का?"

मालक वैतागला. "दामूशेट, इंजिनियर बाई हो म्हणते, तुमचं काय मधीच?"

"उद्या हितं हिची आय बसनार हाय. तुझी न्हाय."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. काकांनी ड्रिल उचललं. टोकाला भोक पाडलं की भेग अडते, हे मला पुस्तकातून माहीत, त्यांना हाताने. सहा मिलिमीटरला वेळ लागतो. ड्रिल टेकलं मात्र, आणि आरपार गेलं...

दर वर्षी नारळीपौर्णिमेच्या आधी जुना रंग न खरवडता नवा चढवायचा, ही इथली रीत. रंगांच्या थरांखाली खाऱ्या पाण्याने पत्रा खाल्ला होता. भोकाच्या कडेला मोजला, दोन मिलिमीटर भरला. तिथेच बसून मी पुन्हा गणित लावलं. पडद्यावर भरल्या बोटीच्या तिसऱ्याच फेरीत भेग एका कडेपासून दुसरीपर्यंत धावत गेली. आमचं वऱ्हाड चार फेऱ्यांचं होतं.

वऱ्हाड म्हसळ्यावरून, लांबच्या वळशाने, गाड्यांनी गेलं. मुहूर्त चुकला, मुलीकडचे फुगले. मांडवात कुणीतरी चिडून विचारलं, बोट थांबवली कोणी? मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "आमच्या बायनं. शिकलेली हाय ती."

वडिलांचा चेहरा असा फुलला, की मी गप्प बसले. तेव्हाही आणि नंतरही. काकांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. बोट मी नव्हती थांबवली. दामूकाकांनी थांबवली. हे आज लिहितेय, वडील वाचतील.

तो पत्रा नंतर कापून काढला, तेव्हा काकांनी त्याचा तुकडा मला दिला होता. माझ्या टेबलावर असतो. कोणतंही गणित लावण्याआधी मी आता विचारते, पत्रा मोजला का? तुकडा मी कधी पुसत नाही. त्यावर काकांच्या हातचं 'मंगळ' अजून वाचता येतं, आणि रेघ ओलांडून दोन बोटं पुढे गेलेली भेग.