बर्फाच्या कड्याची सावली

दोह्यात सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चची मिस्साही शुक्रवारीच; ती आटोपून आम्ही दोघं अल नस्र भागातल्या आमच्या फ्लॅटवर परतलो, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. लेक नॉर्वेत शिकते. आज ती वर्गाबरोबर समुद्राला भिडलेली हिमनदी बघायला गेली होती. नवरा म्हणाला, "अगं, बर्फ बघायला गेलीय, लढाईला नाही." याला काय जातंय बोलायला! मी फोन हातात घेऊन येरझारा घालत राहिले.

एकदाचा व्हिडिओ कॉल आला. निळसर बर्फाचा उंच कडा, पायथ्याशी पाणी. मला ते सगळं थिजल्यासारखं वाटलं. लेक हसली. "नाही ममा, हिमनदी चालतेय. हळूहळू, पण चालतेय." मग तिने एक खडक दाखवला. त्यावर लांबच लांब ओरखडे. बर्फ पोटात दगडगोटे घेऊन सरकतो आणि खालचा खडक खरवडत नेतो. ही अख्खी दरी त्यानेच कोरली, समुद्र नंतर आत शिरला, असं ती भराभरा सांगत होती. सपाट दोह्यात वाढलेली पोर, तिला किती सांगू नि किती नको असं झालं होतं. माझं लक्ष मात्र तिच्या लाल झालेल्या नाकाकडे.

"किती ऊन लागतंय तुला! आधी सावलीला बस बघू," मी ओरडले.

इथली सवयच तशी. गाडी लावायची ती सावलीत, बसची वाट बघायची ती सावलीत, चालायचं ते भिंतीच्या कडेने. लहानपणापासून हेच घोकून घेतलंय तिच्याकडून. ती निमूटपणे उठली आणि कड्याच्या सावलीत जाऊन बसली. मला बरं वाटलं.

तेवढ्यात बंदूक उडावी तसा आवाज झाला. कुणीतरी किंचाळलं. स्क्रीन काळी झाली.

मी फोन लावत सुटले. लागेना. "नेटवर्क गेलं असेल, येईल इन्शाल्ला," म्हणत नवऱ्यानेही आपल्या फोनवरून तिचा नंबर फिरवला. मी घासलेली भांडी पुन्हा घासली, जपमाळ घेतली, ठेवली, त्याच्यावर उगाच खेकसले. सावलीला बस म्हणून कुणी सांगितलं? मीच ना! तो कडा काय मला इथल्या मुऐदर भागातल्या एखाद्या व्हिलाची भिंत वाटली?

फोन वाजला.

"ममा, आय एम ओके. मोठा तुकडा कोसळला, लाट आली. सरांनी हात धरून ओढलं मला. सगळे उन्हात होते गं, सावलीत मी एकटीच."

"आता कुठे आहेस?"

"वर, खडकावर. पण इथे खूप ऊन आहे. सावली शोधू का?"

"मुस्काट फोडीन!" म्हणता म्हणता मला रडू फुटलं. "उन्हातच बस, माझे बाई. उन्हातच बस."