तळ्यातला परग्रह

माझ्या धाकट्या जावेचा मी जितका हेवा केला, तितका आयुष्यात दुसऱ्या कुणाचाच केला नसेल. त्या वेळी लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. माझ्या दिराला नव्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली आणि त्याला मुंबईची बायको मिळाली. ती आमच्या घरात आली, तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं.

त्याआधी गल्लीत मान होता तो माझा. टीव्ही आमच्याच घरी होता. दर रविवारी ती अंतराळयानाची मालिका बघायला बायका यायच्या. कुणी कुठं बसायचं हे मीच ठरवायची.

नवी जाऊ पहिल्याच रविवारी पडद्याकडं बोट करून सहज म्हणाली, "हे कपडे माझ्या वडिलांनी शिवलेत."

तिचे वडील स्टुडिओत शिंपी होते. मग काय, बायकांनी तिलाच घेरलं. टँकरच्या रांगेत घागरी टेकवून तिचं ऐकत राहायच्या. प्रवाशांचे चकचकीत कपडे म्हणजे सोफ्याचं रेक्झीन, घामानं अंगाला चिकटायचं. यानाचं दार आपोआप उघडत नव्हतं, मागं दोन माणसं दोरी ओढायची. एकदा एकानं उशिरा ओढली आणि कप्तानाचं नाक फुटलं. यंत्रमानवाच्या आत एक बुटका माणूस असायचा. त्याला दिवसभर बसता येत नसे, म्हणून नळीनं चहा पाजायचे.

"अगं बया! नळीनं?" शेजारची मास्तरीणबाई पोट धरून हसायची.

मी मागं उभी राहून घागर पुढं सरकवायची. इतकी वर्षं माझ्या घरात बसून या बायका टीव्ही बघत होत्या, पण माझ्याकडं असं डोळे मोठे करून कुणी बघितलं नव्हतं. स्वयंपाकघरात मी तिच्या भाकरीला नावं ठेवायची. ती म्हणायची, "शिकवा की, अक्का." त्यानं तर जास्तच जळायला व्हायचं.

एक दिवस टँकर आला, तेव्हा ती घरी होती. रांगेत कुणीतरी मालिकेतल्या परग्रहाची, तिथल्या भेगाळलेल्या जमिनीची गोष्ट काढली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ते शूटिंग आपल्याकडचंच हाय. चाकूरच्या वाटंवर तळं आटलंय न्हाई का, तिथलं. माझ्या भावानं डोळ्यानं बघितलंय."

"काय सांगता!" सगळ्या माझ्याकडं वळल्या. त्या दिवशी माझी घागर दोघींनी उचलून दिली.

पण रविवार आला. पडद्यावर भेगाळलेली जमीन दिसली आणि मास्तरीणबाईनं जावेला विचारलं, "काय गं, हे आपल्या चाकूरकडचं तळं. तू कधी बोलली न्हाईस?"

चारच दिवसांपूर्वी भाकरी थापताना तिनं मला सांगितलं होतं, की तो परग्रह म्हणजे स्टुडिओत पसरलेला चिखल, मोठ्या दिव्यांखाली वाळवलेला.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "वडील शिवणकामात. बाहेरच्या शूटिंगचं त्यांना काय कळणार? अक्का म्हणतात तर असेल."

बायका गेल्यावर मी चुलीपाशी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. "मी खोटं बोलले," मी म्हणाले.

"माहितेय मला."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"अहो अक्का, त्या बायका माझं ऐकतात ते चार दिवस. मला या गावात जन्म काढायचाय. तो तुमच्याशी भांडून कसा काढू?" एवढं बोलून ती पीठ चाळू लागली.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. उलट वाटलं, हे एवढं मोठं मनही हिलाच मिळावं? आता हेवा करायला तेही झालं. मात्र त्या दिवसापासून तिच्या भाकरीला मी नावं ठेवली नाहीत, आणि टँकरपाशी ती बोलू लागली की मी पुढं जाऊन तिच्या शेजारी बसू लागले. यंत्रमानवाच्या नळीची गोष्ट मला पाठ झाली होती, तरी प्रत्येक वेळी मीच आधी विचारायची, "आणि मग चहा कसा पाजायचे गं?"