मिस्त्रींचा उंच वाफा

गल्लीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. कुणाच्या दाराची कडी बसत नसली, पलंगाचा पाय डुगडुगायला लागला, की हाक मिस्त्रींनाच. माणूस कामाला चोख, पण स्वभावानं भलताच उतावळा. डोक्यात एखादी कल्पना शिरली की हातातला घास हातातच राहायचा, कानावरची पेन्सिल खाली यायची आणि ताटाशेजारीच नकाशा सुरू व्हायचा. मिस्त्रीणबाईंनी जन्मभर ते नकाशे ओल्या फडक्यानं पुसले होते.

मिस्त्रीणबाई मातीतल्या. परसातल्या टीचभर जागेत त्यांनी काय पिकवलं नव्हतं ते विचारा! पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून बजावलं, आणि एक दिवस बाईंनी आपलं खुरपं धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकायला लावलं. "झालं आता माझं," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर परसाच्या दाराकडे फिरकल्या नाहीत. ओट्याशी उभ्या राहून काम करायच्या, तेही परसाकडच्या खिडकीकडे पाठ करून. बोलायच्या, हसायच्यासुद्धा, पण मिस्त्रींना घर खायला उठायचं. हिला परत मातीत कसं आणायचं, या एका विचारानं त्यांना पछाडलं होतं.

आणि मग ती कल्पना शिरली. बायको मातीपर्यंत वाकू शकत नाही ना? मग मातीच वर उचलायची!

झालं. हातातली गिऱ्हाइकं गेली वाऱ्यावर. चांगल्यातल्या फळ्या निघाल्या, रंधा फिरायला लागला. पायांवर उभा, मोठ्या पेटीसारखा वाफा. पाणी निथळायला बुडाला भोकं, आणि कोपरे असे जुळवलेले की खिळा शोधून सापडू नये. दूधवाला सायकल टेकवून बघतच राहिला.

"काय मिस्त्री, लेकीच्या लग्नाची पेटी की काय?"

"बायकोसाठी आहे. आणि तू बघत नको राहू, ते टोक धर!"

राहिली माती. शेजारी एका घराचा पाया खणत होते, तिथली माती फुकट मिळाली. फुकटची ती फुकटचीच: पांढरट, खड्यांनी भरलेली, ओली झाली की गोळा आणि सुकली की दगड. माती हलकी हवी, एवढं मिस्त्रींनी बायकोच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि सुतारकामाच्या दुकानातल्या कोपऱ्यातला लाकडाच्या भुशाचा ढीग त्यांच्याकडे बघून जणू हसला. ताजा, पिवळाधमक, मऊ! घरचाच माल, मग हात कशाला आखडायचा? पोत्यांवर पोती रिती झाली. अर्धी माती, अर्धा भुसा. वर टोमॅटोची रोपं लावून मिस्त्री ओरडले, "अगं, बाहेर तर ये!"

"बघते नंतर," आतून उत्तर आलं. ते नंतर काही उजाडलं नाही.

उजाडली ती रोपांची दैना. आधी खालची पानं पिवळी पडली, मग वरची. मिस्त्रींनी पाणी वाढवलं, रोपं आणखी माना टाकू लागली. मिस्त्रींचा चेहराही हळूहळू रोपांसारखाच दिसायला लागला. शेवटी त्यांनी ठरवलं, हिनं बघायच्या आत ही उपटायची आणि बाजारातून नवी, हिरवीगार रोपं आणून लावायची. पहिल्या रोपाला हात घातला, तोच परसाचं दार करकरलं.

"अहो! खबरदार हात लावाल तर त्या पोराला!"

दारात मिस्त्रीणबाई. हातात काठी, पदर खोचलेला. तरातरा आल्या, म्हणजे गुडघ्याला जमेल तितक्या तरातरा. मूठभर माती उचलली, हुंगली आणि परत आपटली.

"कच्चा भुसा? तोही अर्ध्याला अर्धा?"

"हलकी व्हावी म्हणून..."

"हलकी! अहो, भुसा कुजायला लागला की मातीतला होता नव्हता तो कस आधी तोच खातो. रोपांनी काय खायचं, तुमची कारागिरी?"

"पण तुला कसं कळलं भुसा घातलाय ते?"

"कसं म्हणजे? पोती ओतताना बघत होते की खिडकीतून. गप्प बसायचं ठरवलं होतं मी. पण ही बिचारी रोज पिवळी पडताना बघायची, म्हणजे... आणि आता तर उपटायलाच निघालात!"

मिस्त्रींना खरं तर मान खाली घालायला हवी होती. पण त्यांच्या छातीत नुसता ढोल वाजत होता. बायको परसात उभी होती! नखांत माती होती!

"बोल, अजून बोल," ते म्हणाले.

"बोलत काय बसलेय? माळ्यावरून माझं खुरपं काढा आधी!"

मग काय विचारता! रोपं मुळांच्या मातीसकट कुंड्यांत हलवली. निम्मं मिश्रण उपसून खड्ड्यात गेलं, शेणकाला ओतून कुजायला. दूधवाल्याकडून मुरलेलं शेणखत आलं, रस्त्याकडेच्या झाडांखालचा कुजका पाला आला, शेजारणीनं भाजीची देठं आणून दिली. बाईंनी सगळं मिसळून घेतलं आणि आधी घेवडा पेरला. घेवड्याची मुळं माती सुधारतात, म्हणाल्या. मिस्त्री रोज सकाळी आधी वाफ्यात डोकावायचे, मग तोंड धुवायचे. "उकरून बघू नका!" आतून ओरडा यायचाच.

घेवडा फळीवर चढला. टोमॅटो परत वाफ्यात आले, हिरवे झाले. एका सकाळी परसातून किंकाळी आली, "अहो, धावा!" गुडघ्याचं काही झालं म्हणून मिस्त्री करवत हातात घेऊनच धावले. बाई मनगटापर्यंत मातीत हात घालून उभ्या होत्या. मातीचा रंग काळा, आणि बोटावर एक जाडजूड गांडूळ वळवळत होतं.

"बघा! आपणहून आलंय राहायला!"

दोघं खूप वेळ त्या गांडुळाकडे बघत राहिले. मग बाईंनी ते अलगद मातीत सोडलं आणि एकदम थबकल्या.

"सकाळपासून उभी आहे इथं. कंबर कशी धरली नाही?"

"ओट्याच्या उंचीचा आहे," मिस्त्री पुटपुटले. "नवा संसार मांडला तेव्हा ओटा तुझ्या मापानं केला होता ना, तेच माप."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मातीच्या हातानं पुसायला गेल्या आणि गालभर चिखल करून घेतला. मग त्यांनी काठी उचलली, भिंतीकडेच्या मोकळ्या जागेत टोकानं लांबलचक रेघ ओढली आणि रेघेच्या शेवटी काठी जमिनीत रोवली.

"दुसरा इथपर्यंत करा," म्हणाल्या, आणि काठी तिथंच ठेवून बियांचा डबा आणायला घरात गेल्या.