सहा महिने झाले असतील

उज्वला सकपाळ आणि मी महाडच्या एकाच प्राथमिक शाळेत अकरा वर्षं शिकवलं. मुलं तिला घाबरत, पालक तिला मानत. पाढा चुकला की ती चिडत नसे, फक्त म्हणे, "लक्ष नव्हतं तुझं." विसरणं म्हणजे लक्ष नसणं, असंच ती धरून चालायची. तिच्या नवऱ्याच्या आजाराची गोष्ट तिने मला गेल्या वर्षभरात तुकड्यातुकड्यांनी सांगितली. मधेच थांबायची, खिडकीबाहेर बघायची आणि मागे सोडलेलं पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

काशीराम मूळचे उमरठचे. वीज मंडळात वायरमन म्हणून तीस वर्षं पोलादपूरच्या डोंगरात फिरले. कुठल्या वाडीला कुठल्या डीपीवरून लाईट जाते, कुठला पोल कुणाच्या बांधावर आहे, सगळं तोंडपाठ. बोलायला कमी, पण हसरा माणूस. निवृत्तीनंतर दर आठवड्याला एस.टी.ने उमरठला जायचे, भात बघून संध्याकाळी परत.

एका गुरुवारी ते परत आले ते चांगूच्या मोटारसायकलवर. चांगू त्यांच्या हाताखाली तयार झालेला वायरमन. पोलादपूर स्टँडवर त्याला काशीराम बाकावर बसलेले दिसले. दुपारी कामावर जाताना दिसले होते, चार तासांनी परतताना तिथेच. उमरठची गाडी दोनदा लागून गेली होती.

चांगूने उज्वलाला पायरीवर गाठून हळू आवाजात सांगितलं, "वैनी, दादांची गाडी चुकली नाय. कुठं जायचं त्येच आठवत नव्हतं. मला म्हनाले, गावाचं नाव सांग रं, मी बसतो गाडीत."

त्या वेळी अनुपमाचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न ठरत होतं. पुण्याचं स्थळ, मुलगा आमोद चांगल्या नोकरीत. बोलणी अर्ध्यावर होती. उज्वलाच्या मनात पहिला विचार आला तो नवऱ्याचा नव्हता. मुलाकडचे म्हणतील, बापाला वेड लागलंय, उद्या मुलीलाही लागेल, हा होता. तिने चांगूला सांगितलं, हे कुणाला बोलायचं नाही. चांगूने मान हलवली आणि शब्द पाळला.

मग तिने स्वतःच उपाय सुरू केला. शंभरपानी वही आणली. रोज सकाळी काशीरामांनी गावांची नावं दहा दहा वेळा लिहायची. उमरठ, पोलादपूर, दासगाव, बिरवाडी. ती शाळेत जायच्या आधी तपासायची, लाल पेनाने. सुरुवातीला ते हसत हसत लिहायचे. पुढे अक्षर बारीक होत गेलं, ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. एक दिवस सगळं पान नुसतं 'पोल पोल पोल' लिहिलेलं. शाळेची वेळ झाली होती. टेबलावर पट्टी होती, ती तिने उचलली आणि त्यांच्या तळहातावर मारली.

"लागेल असं नाही मारलं," ती मला म्हणाली, आणि लगेच, "पण मारलं."

काशीरामांनी हात मागे घेतला नाही. ते म्हणाले, "उद्या नीट लिवतो, बाई." घरात ते तिला कधी बाई म्हणत नसत. ते चेष्टा करतायत, असं तिने स्वतःला पटवलं आणि शाळेत गेली.

लग्न थाटात झालं. मांडवात काशीराम तिने सांगितलं तिथे उभे राहिले, सांगितलं तेव्हा बसले. लग्नानंतर ती त्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, पण तिथेही म्हणाली, थोडं विसरतात. वय आहे, म्हणून डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. थोडंच सांगितल्यावर याहून वेगळं ते काय करणार होते?

लग्नाला दोन वर्षं झाल्यावर अनुपमा गणपतीला आली. आरतीनंतर प्रसादाचं ताट घेऊन बाबांसमोर बसली. त्यांनी मोदक घेतला आणि तिला विचारलं, "तू कुणाची गो?"

त्यानंतर सगळं अनुपमाने हातात घेतलं. आईला विचारलं, हे कधीपासून? आई म्हणाली, आत्ताआत्ताच. अनुपमा महाडच्या दुसऱ्या एका डॉक्टरांना भेटली. ते म्हणाले, हा वेडेपणा नव्हे, मेंदूचा आजार असू शकतो, न्यूरोलॉजिस्टला दाखवा. महाडला बाहेरून येणाऱ्या न्यूरोलॉजिस्टच्या पुढच्या दोन्ही तारखा भरलेल्या होत्या. तिने पुण्यात शोध घेतला, बारा दिवसांनंतरची वेळ मिळाली. फोनवरच्या बाईंनी बजावलं होतं, चालू गोळ्या आणा, जुने रिपोर्ट आणा, चष्मा आणा, आणि त्यांच्याबरोबर चोवीस तास असणारं माणूस आणा. काय कधी सुरू झालं ते त्याच माणसाला ठाऊक असतं.

ताम्हिणी घाटातून जाताना काशीराम प्रत्येक पोलकडे मान वळवून बघत होते. उज्वला मनात वाक्यं जुळवत होती.

न्यूरोलॉजिस्ट मध्यमवयाच्या बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी काशीरामांना वार विचारला, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला दिलं. काशीरामांनी गोल छान काढला आणि बाराही आकडे एकाच बाजूला कोंबले. मग त्यांनी उज्वलाकडे पाहिलं, बरोबर आहे का म्हणून.

"हे साधारण कधीपासून?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

शेजारी अनुपमा बसली होती. उज्वला म्हणाली, "सहा महिने झाले असतील."

डॉक्टर लिहिताना थांबल्या. सहा महिन्यांपूर्वी एकटे गावाला जात होते का, बाजार करत होते का, माणसं ओळखत होते का, असं त्यांनी एकेक विचारलं. उज्वला प्रत्येकाला हो म्हणाली. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. इतक्या झपाट्याने उतरण असेल तर नेहमीचा विसराळूपणाचा आजार नसावा, त्या म्हणाल्या. सूज किंवा जंतुसंसर्ग असू शकतो, काही वेळा त्यावर उपचार असतो, पण वेळ घालवता येणार नाही. दाखल करा, एम.आर.आय. करू आणि पाठीच्या कण्यातलं पाणी सुईने काढून तपासू.

उज्वला गप्प राहिली. ती रात्रभरही गप्प राहिली. त्याच गप्प राहण्याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी एम.आर.आय. झाला. दुपारी नर्सने काशीरामांना कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले, पाठ उघडी केली. त्यांना काही कळत नव्हतं. त्यांनी खाटेची लोखंडी कड घट्ट धरली, पुन्हा सोडली, जणू तिच्यात करंट आहे. मान वळवून त्यांनी बायकोला विचारलं, "लाईन बंद केली हाय ना गो?"

तीस वर्षं पोलवर चढण्याआधी ते हेच विचारत आले होते, आणि खाली उभा असलेला माणूस खरं उत्तर देईल यावर त्यांचा जीव अवलंबून असायचा.

"थांबा," उज्वला म्हणाली. "डॉक्टर, सहा महिने नाहीत. तीन वर्षं झाली."

अनुपमाच्या हातात संमतीचा कागद होता. तिने मनात वर्षं मोजली ते उज्वलाला दिसलं. "म्हणजे माझ्या लग्नाच्या आधीपासून?"

"हो."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. रागावल्या नाहीत. शेजारच्या खोलीत बसवून त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं, आणि या वेळी उज्वलाने स्टँडचं सांगितलं, वहीचं सांगितलं, पट्टीचंही सांगितलं. अनुपमा भिंतीला टेकून ऐकत होती. डॉक्टर म्हणाल्या, आता एम.आर.आय.शी जुळतं. मेंदू हळूहळू आकसत आलाय, अल्झायमरच दिसतोय, सुईची गरज नाही. रक्तात बी-बारा कमी आहे, त्याची इंजेक्शनं देऊ. गोळ्यांनी काही काळ थोडा आधार मिळेल. आजार बरा होणार नाही.

"तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर?" उज्वलाने विचारलं.

"आजार थांबला नसता," डॉक्टर म्हणाल्या. "पण तेव्हा त्यांना समजावून सांगता आलं असतं. आपल्याला काय होतंय ते त्यांना कळलं असतं. पुढचं कसं हवं, तेही त्यांनी सांगितलं असतं."

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल आपण त्यांच्या ऋणी आहोत, असं उज्वला म्हणते. पण ते वाक्य तिला रोज आठवतं.

अनुपमा दीड महिना आईशी कामापुरतं बोलली, गोळ्या दिल्या का, इंजेक्शन झालं का, एवढंच. सासरी तिने स्वतःच सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जेवतात का नीट?" ज्या घराच्या भीतीने उज्वलाने तीन वर्षं तोंड शिवलं होतं, त्या घरातून एवढाच प्रश्न आला. तो ऐकून आपल्याला हलकं वाटायला हवं होतं, उलट छाती जड झाली, असं ती म्हणाली.

आता ती निवृत्त आहे. दर रविवारी चांगू येतो आणि काशीरामांना फिरवून आणतो. तिने त्याची माफी मागितली तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "मीच बोलायला पायजे होता, वैनी." म्हणजे त्याच्याही डोक्यावर तिने ते ओझं ठेवलं होतं. घरात ती आता त्यांना काही विचारत नाही. ओळखा पाहू, आठवा पाहू, सगळं बंद. तरी कधी तिचा आवाज चढला की ते उठून उभे राहतात.

गेल्या महिन्यात दुपारी ओटीवर बसले असताना त्यांनी तिला विचारलं, "तुमचं घर कुठं?"

"इथंच," ती म्हणाली.

"मंग बसा की."

ती बसली. आणि तिने त्यांना सगळं सांगितलं, एका माणसाची गोष्ट सांगावी तसं. त्याला गाव आठवेना, बायकोने ते लपवलं, त्याला मारलं, डॉक्टरांशी खोटं बोलली. काशीराम मन लावून ऐकत होते.

"मंग त्याला डाक्टरकडं नेला का नाय?"

"नेला. उशिरा नेला."

"नेला ना," ते म्हणाले, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या टेंपोकडे बघत राहिले.

"ही काही माफी नव्हे," उज्वला मला म्हणाली. "मला कळतं तेवढं." मग घड्याळ बघून ती उठली. त्यांच्या चारच्या गोळीची वेळ झाली होती.